जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बदलावी का? पैसे मोजण्याआधी काय काय तपासायचं

लॅपटॉप चालतोय, पण स्क्रीनकडे बघवत नाही, ही तक्रार गोव्यात माझ्या कानावर सतत येते. पत्रिका-अहवालांचं डीटीपी करणारे येतात, प्रश्नपत्रिका घरी टाइप करणाऱ्या शाळेतल्या बाई येतात, ताईचा जुना लॅपटॉप वाट्याला आलेली कॉलेजची पोरं येतात. प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो: ‘स्क्रीन बदलून घेऊ, की नवाच घेऊ?’ हा लेख अशांसाठी, ज्यांनी लॅपटॉप कधी उघडलेला नाही आणि दुकानात गेल्यावर काय विचारायचं हेही ज्यांना ठाऊक नाही.

माझं मत आधीच सांगते. स्क्रीन बदलणं हा जुन्या लॅपटॉपवरचा फार चांगला खर्च ठरू शकतो. मात्र दोन अटी आहेत: लॅपटॉपमध्ये अजून दोन-तीन वर्षांचा जीव हवा, आणि आतली डिस्प्ले केबल नव्या पॅनेलला (झाकणातल्या चित्र दाखवणाऱ्या भागाला) पुरायला हवी. पहिल्या अटीचा विचार घाईत राहून जातो. दुसरीबद्दल तर दुकानात सहसा कुणी विचारतच नाही आणि मग नवीन पॅनेल लावल्यावर काळोख.

पायरी १: दुखणं पॅनेलचंच आहे का?

स्क्रीनवर रेघा आल्या, चित्र थरथरतं, मध्येच अंधारी येते, म्हणजे पॅनेल गेलं असं समजू नका. लॅपटॉपला एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडा. टीव्हीवरही त्याच रेघा दिसल्या तर दोष ग्राफिक्सचा, म्हणजे मदरबोर्डचा. तिथे नवं पॅनेल घालून काही उपयोग नाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष पॅनेलमध्ये किंवा केबलमध्ये.

आता झाकण हळूहळू मागेपुढे करा. विशिष्ट कोनात रेघा येतात आणि दुसऱ्या कोनात जातात, असं झालं तर संशय केबलवर घ्या. ती बिजागरीच्या आतून जाते आणि वर्षानुवर्षं वाकून वाकून आतल्या बारीक तारा तुटतात. केबल पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा. पुसट चिन्हं दिसली तर पॅनेल चित्र काढतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणखी एक सोय आहे: बंद लॅपटॉपचं ‘डी’ बटण दाबून धरून पॉवर बटण दाबलं की पडद्यावर एकामागून एक पूर्ण रंग येतात. ही पॅनेलची स्वतःची चाचणी असते. इथे रंग स्वच्छ दिसले तर पॅनेल सहसा ठीक असतं.

गोव्यात एक गोष्ट जास्तीची तपासायला हवी. कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनारपट्टीच्या भागात खारी हवा जोडणीच्या पिनांवर बसते. पॅनेलच्या मागचा कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट-पांढरट पूड दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून केबल पुन्हा नीट बसवली की कधी कधी रेघा जातात. म्हणून मेकॅनिकला आधी एवढंच सांगा: ‘दादा, पॅनेल मागवायच्या आधी कनेक्टर साफ करून बसवून बघा.’ चांगला माणूस हे करतो. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याकडे लॅपटॉप ठेवू नये असं मला वाटतं.

पायरी २: स्क्रीन बिघडलेली नाही, नुसती वाईट आहे

हा प्रकार जास्त आढळतो आणि बदलाचा खरा फायदा इथेच आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन पाहा. तिथे १३६६ × ७६८ लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे स्वस्त लॅपटॉपांत वर्षानुवर्षं घातलं गेलेलं पॅनेल आहे. बहुतेक वेळा ते टीएन जातीचं असतं. ओळखायचं कसं? समोरून ठीक दिसतं, पण झाकण जरा मागे कललं की वरचा भाग गडद, खालचा पांढुरका. बाजूने पाहिलं तर रंग उलटल्यासारखे वाटतात. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनेलमध्ये हे जवळजवळ होत नाही.

१५.६ इंची स्क्रीनवर १३६६ × ७६८ म्हणजे इंचाला साधारण १०० ठिपके. त्याच मापात १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी, घेतली तर १४१. एकूण ठिपके जवळजवळ दुप्पट होतात. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला हा फरक सुखाचा वाटेल, देवनागरीत काम करणाऱ्याला तो कामाचा आहे. आपल्या अक्षरांत वर-खाली किती बारीक काम असतं ते पाहा: ‘राष्ट्र’मधला ष्ट्र, ‘शुद्ध’मधला द्ध, ‘वर्षं’वरचा रफार आणि त्याला चिकटून बसलेला अनुस्वार. शंभर ठिपक्यांच्या स्क्रीनवर बारा पॉइंटच्या मजकुरात रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग होतो. ‘मदत’ आणि ‘मंदत’ यातला फरक डोळ्याला कळत नाही, मुद्रितशोधन करणारा थकतो आणि चूक छापून येते. मुद्रितं पाहणाऱ्या, दिवसभर मराठी टाइप करणाऱ्या माणसाला फुल एचडी आयपीएस घ्यायला मी आग्रहाने सांगते. तो डोळ्यांवरचा खर्च आहे.

एक अडचण मात्र आधीच समजून घ्या. ठिपके बारीक झाले की सगळंच लहान दिसतं, मग विंडोजमध्ये १२५ टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवणारी सेटिंग, लावावं लागतं. नव्या सॉफ्टवेअरला ते चालतं. पण गोव्यातल्या कितीतरी छोट्या छापखान्यांत अजून पानं लावायचं पेजमेकर आणि जुने श्रीलिपी फॉन्ट चालतात. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्याला स्केलिंग म्हणजे काय ते कळत नाही. विंडोज त्याची खिडकी नुसती ताणून मोठी करते आणि अक्षरं धूसर होतात. तुमचं सगळं काम पेजमेकरमध्येच असेल तर स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवून बारीक मेन्यू चालवून घेता येतील का, हे फुल एचडी स्क्रीनच्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर आधी करून बघा.

पायरी ३: लॅपटॉपमध्ये जीव किती उरलाय?

हार्ड डिस्क अजून जुनी फिरणारी असेल तर पहिला पैसा एसएसडीवर घाला. स्क्रीनचा विचार त्यानंतर. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करा, तीही स्क्रीनआधी. संथ लॅपटॉपवर सुंदर स्क्रीन बसवली तर तुम्ही सुंदर स्क्रीनवर फिरणारं चक्र बघत बसाल.

विंडोजचंही बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमचा त्याआधीचा असेल तर लॅपटॉप टाकाऊ झाला असं नाही, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून तो मजेत चालतो. पण श्रीलिपी, टॅली अशा विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

बिजागरी हाताने तपासा. झाकण उघडताना कोपऱ्यातलं प्लास्टिक फुगतं किंवा ‘कट्’ आवाज येतो का? आतले पितळी नट प्लास्टिकमधून सुटलेले असतात. अशा झाकणात नवीन पॅनेल बसवलं तर तीच बिजागरी काही महिन्यांत पॅनेल पिळून फोडेल. आधी बिजागरी, मग स्क्रीन. दोन्हींचा खर्च मिळून मोजा.

माझा हिशेब असा: पॅनेल, केबल आणि मजुरी मिळून जो आकडा होतो तो तुमचा लॅपटॉप आज विकला तर येणाऱ्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल तर खुशाल करा. निम्म्याच्या वर गेला तर थांबा आणि पुढची पायरी वाचा. मॅकबुक असेल तर बहुधा थांबावंच लागेल, कारण त्यात सुटं पॅनेल बदलणं किचकट असतं आणि सहसा सगळं झाकणच बदलतात.

पायरी ४: मॉनिटर घेतलेला बरा का?

लॅपटॉप कायम एकाच टेबलावर असतो? मग स्क्रीन बदलू नका. २२ किंवा २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर घ्या आणि एचडीएमआयने जोडा. लॅपटॉप मेला तरी मॉनिटर राहतो, पुढच्या लॅपटॉपला लागतो. मान सरळ राहते ती वेगळीच. फोंड्याच्या एका डीटीपीवाल्या काकांना मी हेच सुचवलं. ते नव्या पॅनेलसाठी पैसे बाजूला काढून बसले होते, आता दोन पानं शेजारी शेजारी लावून बघतात.

यात एक खोट आहे आणि ती पावसाळ्यात जाणवते. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर बंद पडतो. सत्तरी, सांगे, काणकोण भागात जिथे जून ते सप्टेंबर लाइट सारखी ये-जा करते, तिथे मॉनिटरबरोबर छोट्या यूपीएसचा खर्च धरा. शिवाय लॅपटॉप घेऊन कदंब बसमधून रोज पणजीला जाणाऱ्याला मॉनिटरचा काय उपयोग? त्याला पॅनेलच बदलायला हवं.

पायरी ५: केबल

इथे सावकाश वाचा. पैसे वाया जातात ते इथेच.

लॅपटॉपच्या पॅनेलला मदरबोर्डाकडून चित्र दोन पद्धतींनी येतं. जुनी पद्धत एलव्हीडीएस, नवी ईडीपी. साधारण २०१३ च्या आसपास एक जाऊन दुसरी आली. या दोघी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. जुन्या एलव्हीडीएस कनेक्टरला सहसा ४० पिना असतात. ईडीपीला बहुतेकदा ३० असतात, पण टचस्क्रीनच्या किंवा जास्त वेगाच्या काही ईडीपी पॅनेलनाही ४० असतात. तेव्हा ‘४० पिन आहे, बसेल’ असं कुणी म्हणालं तर ते उत्तर अपुरं आहे. चुकीची जोडणी केली तर पॅनेल किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

समजा पद्धत तीच आहे, दोन्ही ३० पिनी ईडीपी. तरीही फुल एचडी चालेलच असं नाही. ईडीपीमध्ये माहिती लेनमधून, म्हणजे तारांच्या जोडीतून, जाते. नेहमीच्या वेगाला एका लेनमधून सेकंदाला २.७ गिगाबिट जातात, त्यातला प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला येणारा भाग २.१६. १३६६ × ७६८ ला तेवढं भरपूर पुरतं, म्हणून कंपनी स्वस्त मॉडेलच्या केबलमध्ये एकाच लेनच्या तारा घालते. फुल एचडीला ६० हर्ट्झवर रंग कमीत कमी ठेवले तरी सुमारे अडीच गिगाबिट लागतात. म्हणजे दोन लेन हव्यात. पिना ३० च दिसतात, कनेक्टर तोच असतो, पण दुसऱ्या लेनच्या तारा केबलमध्ये नसतात. नवीन पॅनेल लावल्यावर काळोख होतो तो यामुळे. पॅनेल खराब नसतं, दुकानदार ते परत घ्यायला तयार नसतो आणि भांडण सुरू होतं.

एलव्हीडीएसमध्येही असंच आहे. १३६६ × ७६८ एका चॅनेलवर चालतं, फुल एचडीला दोन चॅनेल लागतात.

मग शोधायचं कसं? तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल काढा. डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या बहुतेक मॉडेलांची मॅन्युअल मोफत देतात. त्यात सुट्या भागांच्या यादीत डिस्प्ले केबल पाहा. कंपनीने तेच मॉडेल एचडी (१३६६ × ७६८) आणि फुल एचडी अशा दोन्ही रूपांत विकलं असेल आणि दोन्हींना केबल एकच असेल, तर निर्धास्त राहा. केबलचे क्रमांक वेगवेगळे असतील तर पॅनेलबरोबर फुल एचडीची केबलही मागवा. मॉडेल फुल एचडीत कधी आलंच नसेल तर मदरबोर्डावरही दुसरी लेन जोडलेली नसण्याची शक्यता धरा. अशा वेळी त्याच रिझोल्युशनचं पण आयपीएस पॅनेल मिळालं तरी कोनाची तक्रार जाते, मी तेच घ्यायला सांगेन.

एक उदाहरण देते, कारण ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड आपल्याकडे सेकंडहँड बाजारात खूप येतात. २०१२ चा टी४३० एलव्हीडीएसवर चालतो, त्यात फुल एचडी घालायची तर वेगळा अडॅप्टर बसवण्याचा खटाटोप करावा लागतो. पुढच्याच वर्षीचा टी४४०पी ईडीपीवर आहे, त्यात १४ इंची फुल एचडी आयपीएस पॅनेल मूळ केबलवरच चालतं. दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेले असतील आणि तुम्हाला स्क्रीन बदलायचीच असेल तर कुठला उचलायचा ते उघड आहे.

पायरी ६: पॅनेलचा क्रमांक

पॅनेलच्या पाठीवर स्टिकर असतो. खरा क्रमांक तोच, लॅपटॉपच्या मॉडेलवरून अंदाज बांधू नका, कारण कंपन्या एकाच मॉडेलमध्ये तीन-चार ठिकाणची पॅनेल घालतात. मेकॅनिकला झाकण उघडायला सांगून त्या स्टिकरचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर घ्या.

क्रमांक वाचता आला तर दुकानात फसवणूक होत नाही. एयूओ कंपनीचा ‘बी१५६एक्सटीएन’ घ्या: १५६ म्हणजे १५.६ इंच, ‘एक्स’ म्हणजे १३६६ × ७६८, ‘टीएन’ म्हणजे पॅनेलची जात. त्याच्याच घरातला ‘बी१५६एचएएन’ म्हणजे फुल एचडी आणि आयपीएससारखं रुंद कोनाचं. मध्येच ‘बी१५६एचटीएन’ही असतं, म्हणजे फुल एचडी खरं पण जात टीएनच. दुकानदार ‘फुल एचडी’ म्हणून हे देऊ शकतो, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून मागताना ‘फुल एचडी आयपीएस’ असे दोन्ही शब्द म्हणा. एलजीच्या पॅनेलमध्ये ‘एलपी१५६डब्ल्यूएच’ हे जुनं आणि ‘एलपी१५६डब्ल्यूएफ’ हे फुल एचडी.

रुंदीही मोजून घ्या. १५.६ इंची पॅनेल दोन रुंदींत येतात: जुनी साधारण ३६० मिलिमीटर, नवी बारीक कडेची ३५० च्या आसपास. कर्ण तोच, पण बाहेरचा सांगाडा वेगळा. स्क्रूसाठीचे कान वर-खाली आहेत, बाजूला आहेत की नाहीतच, तेही फोटोवरून जुळवा. कनेक्टर उजव्या बाजूला की डाव्या, ते बघा, नाहीतर केबल पोचत नाही.

उजेड आणि रंग यांबद्दल थोडक्यात. स्वस्त पॅनेल २२० ते २५० निट्सची (निट हे उजेडाचं माप) असतात. घराच्या आत पुरतात. ओसरीवर किंवा खिडकीशी बसून काम करत असाल तर ३०० किंवा वर मागा आणि पृष्ठभाग मॅट घ्या, चकचकीत नको. पॅनेल किती रंग दाखवतं ते टक्क्यांत लिहितात; ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर लिखाणाला चालतं. फोटो किंवा छपाईचे रंग पाहायचे असतील तर ७२ टक्क्यांचं घ्या, ते साधारण पूर्ण एसआरजीबीएवढं, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या रंगांएवढं, होतं.

पायरी ७: मागवणं आणि बसवणं

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दुकानांत सगळ्या मापांची पॅनेल पडून नसतात, मागवून घ्यावी लागतात. मुंबईला कुणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहेच, पण पॅनेल बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणायची वस्तू नव्हे. माझा सल्ला: गावातल्याच दुकानातून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बिलावर पॅनेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, आणि दोन प्रश्नांची उत्तरं आधी घ्या: केबल न जुळल्यास पॅनेल परत घेणार का, आणि मृत ठिपका निघाला तर बदलून देणार का. तोंडी ‘होय गो’ पुरत नाही, बिलावर लिहून हवं.

स्वतः बसवायचं ठरवलंत तर एक नियम मोडू नका: आतली बॅटरी सोडवल्याशिवाय डिस्प्ले केबलला हात लावू नका. चालू जोडणीत केबल काढली-घातली तर बॅकलाइटचा बारीक फ्यूज मदरबोर्डावर उडू शकतो आणि मग चांगलं पॅनेलही काळं राहतं. कनेक्टरवर पारदर्शक टेप आणि बऱ्याचदा पातळ धातूची कडी असते. आधी टेप सोलायची, मग कडी उचलायची, मग केबल सरळ रेषेत मागे ओढायची. तारा धरून ओढू नका. पहिल्यांदा पॅनेल स्क्रू न लावता नुसतं जोडून, कीबोर्डवर मऊ फडका घालून त्यावर ठेवून चालू करून बघा. चाललं की बंद करा, बॅटरी पुन्हा सोडवा आणि मग बसवा.

पावसाळ्यात एक काळजी जास्त. दुकानातल्या एसीतून आणलेलं थंड पॅनेल दमट खोलीत लगेच उघडलं तर काचेवर दव धरतं. पिशवी बंद ठेवूनच ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

बसल्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून पडद्याभर आणा. काळ्यावर कडेने उजेड गळतोय का, रंगांवर न बदलणारा ठिपका आहे का, ते संरक्षक फिल्म काढायच्या आधीच बघा, कारण फिल्म काढल्यावर दुकानदार परत घ्यायला कुरकुरतो. झाकण सगळ्या कोनांत फिरवून पाहा. लॅपटॉप स्लीपमध्ये घालून पुन्हा जागा करा, उजेड कमी-जास्त करून पाहा. नव्या पॅनेलवर उजेडाच्या किल्ल्या चालल्या नाहीत तर आधी केबल पुन्हा बसवून पाहा.

जुनं पॅनेल चालतं असेल तर मेकॅनिककडे ठेवा, कुणाच्या तरी फुटलेल्या स्क्रीनला ते लागतं. फुटलेलं असेल तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. २०१० च्या आधीचा फार जुना लॅपटॉप असेल तर हे विसरू नका, कारण त्या पॅनेलमागे बहुधा एलईडीऐवजी बारीक ट्यूब असते आणि तिच्यात पारा असतो.